घोड्याचा विमा आणि ‘पूर्वीच्या आजारा’चा रकाना



मागच्या महिन्यात मंडळाच्या वाचनालयात एक सभासद भेटले. त्यांची मुलगी दोन वर्षांपासून घोडेस्वारी शिकते. तिच्यासाठी त्यांनी दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या बाजारातून एक घोडी आणली. घोडी देखणी, स्वभावाने गरीब. खिशातून त्यांनी विम्याचा फॉर्म काढला आणि एका रकान्यावर बोट ठेवले : ‘जनावरास यापूर्वी कोणता आजार अथवा इजा झाली होती काय? असल्यास तपशील द्यावा.’ एजंट म्हणाला होता, ‘नाही’ लिहून टाका. पण विकणाऱ्याने बोलता बोलता सांगितले होते की मागच्या पावसाळ्यात घोडी पुढच्या उजव्या पायाने महिनाभर लंगडत होती. “काका, तुम्ही इतकी वर्षे बँकेत होतात. काय लिहू?”

त्यांना आम्ही तिथल्या तिथे उत्तर दिले : “जे झाले ते लिहा.” पण ‘का’ हे सांगायला वेळ झाला नाही, म्हणून हा लेख. आपल्या मंडळात घोडा बाळगणारी घरे थोडीच आहेत. काहींची शेतावर हौस आहे, कोणाची मुले रायडिंग क्लबात जातात, एक-दोघांचा लग्नाच्या घोड्यांचा व्यवसाय आहे. पण हाच रकाना गाई-म्हशींच्या, पाळीव कुत्र्यांच्या आणि आपल्या स्वतःच्या मेडिक्लेमच्या फॉर्मातही असतो. त्यामुळे ज्यांच्या दारात घोडा नाही, त्यांनीही वाचायला हरकत नाही.

विमा नेमका कशाचा असतो?

आपल्याकडच्या नेहमीच्या पशुधन पॉलिसीत घोडा, तट्टू, खेचर, गाढव यांचा मुख्यतः मृत्यूचा विमा असतो. पॉलिसीच्या काळात झालेल्या अपघाताने किंवा त्या काळात जडलेल्या आजाराने जनावर दगावले, तर ठरलेली रक्कम मिळते. जनावर कायमचे निकामी झाले तर मिळणारी भरपाई बहुधा जादा प्रीमियम भरून वेगळी घ्यावी लागते. औषधोपचाराचा खर्च यात साधारणपणे धरलेला नसतो. ब्रिटन-अमेरिकेत मात्र मृत्यू, पशुवैद्याचे बिल आणि घोडा कामास निरुपयोगी होणे असे वेगवेगळे विमे मिळतात. आपल्या सभासदांची मुले तिकडे आहेत आणि काहींनी घोडेही पाळले आहेत. त्यांना पुढचे नियम अधिकच लागू पडतात, कारण वाद बहुतेक उपचाराच्या बिलावरूनच होतात.

देश कोणताही असो, जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत एक वाक्य सापडते : विमा सुरू होण्यापूर्वीच जडलेल्या आजाराची किंवा इजेची भरपाई मिळणार नाही.

जुना आजार का वगळतात?

एक साधा हिशोब करू. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. शंभर घोडे, प्रत्येकाची किंमत २ लाख. वर्षाला त्यांतले तीन दगावतील असा अंदाज धरला, तर ६ लाखांची भरपाई लागेल. म्हणजे प्रत्येक मालकाने ६ हजार काढले की झाले, वर कंपनीचा खर्च. आता समजा, या शंभरात दहा घोडे असे आले की ज्यांना वारंवार पोटशूळ होतो आणि ते मालकांना ठाऊक आहे. त्यांतले चार-पाच गेले तर हिशोब कोलमडला. पुढच्या वर्षी प्रीमियम दुप्पट होणार. मग निरोगी घोड्यांचे मालक म्हणणार, “आम्हाला नको हा विमा,” आणि मागे उरणार फक्त आजारी घोडे.

विमा ‘होईल की नाही’ याचा असतो. जे आधीच झाले आहे ती जोखीम राहिली नाही, तो खर्च झाला. आग लागल्यावर घराचा विमा काढता येत नाही, तसेच हे आहे.

घोड्याच्या बाबतीत कंपन्या जास्त सावध असतात, त्यालाही कारण आहे. या जनावराची काही दुखणी पुन्हा पुन्हा उलटतात. घोड्याला उलटी करता येत नाही. आतडी लांब व वळणावळणाची. त्यामुळे साधा वायू धरला किंवा चारा अडकला तरी पोटशूळ उठतो, आणि आतड्याला पीळ पडला तर काही तासांत जीव जातो. खुराच्या आतल्या भागाला सूज येते, तिला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. ती एकदा येऊन गेली की पुन्हा येण्याची भीती कायम राहते. पायाची कंडरा एकदा दुखावली की भरून आली तरी पहिल्यासारखी राहत नाही. म्हणून ‘बरा झाला’ असे मालक म्हणतो, तेव्हा ‘किती दिवसांपूर्वी?’ असे कंपनी विचारते.

वगळण्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे सर्वसाधारण कलम : विम्याच्या तारखेपूर्वीचे सर्व आजार वगळले. यात कोणत्याही आजाराचे नाव नसते, म्हणून ते वाचताना निरुपद्रवी वाटते.

दुसरा प्रकार म्हणजे सुरुवातीचे थांबण्याचे दिवस. आपल्याकडच्या पशुधन पॉलिसीत पहिल्या १५ दिवसांत उद्भवलेल्या आजाराची भरपाई सहसा मिळत नाही. अंगात दबून असलेला आजार घेऊन कोणी घाईने विमा काढू नये, हा त्यामागचा हेतू आहे. अपघाताला हा नियम बहुधा लागत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे नाव घेऊन केलेला अपवाद. ‘पुढच्या उजव्या पायाच्या लंगडण्याशी संबंधित सर्व बाबी वगळून’ असे पॉलिसीला जोडलेल्या कागदावर लिहून येते. परदेशी पॉलिसींत हे फार पाहायला मिळते. एका पायाची तक्रार सांगितली तर कधी जोडीचे दोन्ही पाय वगळतात. एका पायावर भार कमी पडला की दुसऱ्यावर जास्त पडतो, आणि काही दोष दोन्ही पायांत एकत्रच असतात, असे त्यांचे म्हणणे.

हा तिसरा प्रकार पाहून मालक नाराज होतो. आमच्या मते तोच सर्वांत प्रामाणिक, कारण त्यात काय मिळणार नाही हे आधीच कळते. पहिल्या प्रकारात ते घोडा गेल्यावर कळते.

‘जुना’ कशाला म्हणायचे?

इथे बहुतेकांची चूक होते. डॉक्टरांनी आजाराचे नाव लिहून दिले असेल तरच तो ‘आजार’, असे आपण धरतो. पॉलिसीतली व्याख्या मात्र अनेकदा लक्षणांपर्यंत जाते. विम्यापूर्वी घोडा खोकत होता, नाव कळले नव्हते, नंतर श्वासाचा विकार निघाला, तर तो जुना धरला जाऊ शकतो. पशुवैद्याच्या वहीतली ‘मागचा डावा पाय किंचित जड’ एवढी ओळही पुरते.

घोडा आपल्याकडे येण्यापूर्वीची दुखणीही यात येतात. ‘मला माहीत नव्हते’ म्हटले तर लपवल्याचा ठपका बसणार नाही, पण आजार जुना होता हे सिद्ध झाले तर त्याचे पैसे मिळणार नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुढे त्याबद्दल सांगतोच.

मेडिक्लेमचा अनुभव इथे चालत नाही

आपल्यापैकी बहुतेकांना मेडिक्लेमची सवय आहे. तिथे जुना मधुमेह किंवा रक्तदाब काही वर्षे थांबल्यावर विम्यात येतो. १ एप्रिल २०२४ पासून हा थांबण्याचा काळ जास्तीत जास्त ३६ महिने केलेला आहे, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक वगळता माहिती न दिल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही.

जनावरांच्या विम्याला हे नियम लागू नाहीत. तिथे पॉलिसी साधारणपणे एका वर्षाची, फार तर तीन वर्षांची असते. दरवर्षी नवा करार समजायचा. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. यंदा मार्चमध्ये घोड्याला पोटशूळ झाला तर तो ‘नवा’, पण पुढच्या एप्रिलमध्ये नूतनीकरण झाले की तोच पोटशूळ ‘पूर्वीचा’ ठरू शकतो. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी फक्त चेक फाडून मोकळे होऊ नये. नवीन अपवाद जोडला आहे का, हे वाचावे. आणि पॉलिसीत एका दिवसाचाही खंड पडू देऊ नये. खंड पडला की १५ दिवसांची पाटी पुन्हा कोरी होते, आणि मधल्या दिवसांत दिसलेले सगळे जुन्यात जमा होते.

आमच्या अक्षरातले ‘नाही’

आता आमचीच एक गोष्ट. हिला चाळीस वर्षे होत आली, पण विसरलेलो नाही.

तेव्हा आम्ही माळव्यातल्या एका तहसिलीच्या गावी शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस होते. मार्च आला की कर्जप्रकरणे धडाधड मंजूर करायची. शेळ्या, म्हशी, शिलाईयंत्रे, टांगा-घोडे. टांग्याच्या एका प्रकरणात घोडा जुना, पण अंगाने भरलेला होता. टांगेवाल्याला लिहिता येत नव्हते. फॉर्म आम्ही भरला, त्याने अंगठा उठवला. ‘पूर्वीचा आजार’ या रकान्यात आम्ही ‘नाही’ लिहिले. त्याला विचारून नव्हे. त्या दिवशी समोरच्या सगळ्याच फॉर्मांवर आम्ही ‘नाही’ लिहीत होतो.

पाच महिन्यांनी एका रात्री घोडा पोट दुखून गेला. सकाळी टांगेवाला बँकेच्या दाराशी बसलेला. आम्ही धीर दिला, विमा आहे, काळजी करू नकोस. कागद पाठवले. चौकशीला आलेल्या माणसाने जनावरांच्या दवाखान्याची वही पाहिली. कर्जाच्या दोन महिने आधी त्याच घोड्यावर पोटशूळाचे उपचार झाल्याची नोंद होती, आणि त्याआधीही एकदा. क्लेम नामंजूर झाला. कारण दिले होते : आजार पूर्वीचा, शिवाय खरी माहिती दिली नाही.

टांगेवाल्याला आम्ही विचारले, “हे आधी का सांगितले नाहीस?” तो म्हणाला, “साहेब, तुम्ही विचारलेच कुठे?”

कंपनीने नियमाप्रमाणे केले, असे म्हणावे लागेल. चूक आमची होती. त्याने पुढे अडीच वर्षे हातगाडी ओढून कर्जाचे हप्ते फेडले, एकही चुकवला नाही. ते ‘नाही’ आमच्या अक्षरातले आहे आणि त्याचे पैसे त्यामुळे बुडाले, हे त्याला आम्ही कधी सांगितले नाही. सांगायला हवे होते.

अपवाद वेगळा, लपवणे वेगळे

त्या प्रकरणात कंपनीने दोन कारणे दिली होती. त्यांतला फरक कळला की या लेखाचे काम झाले.

अपवाद एका आजाराला लागतो. ‘उजवा पाय वगळून’ असे लिहिलेली घोडी साप चावून गेली, वीज पडून गेली, धनुर्वाताने गेली, तर भरपाई मिळायला हवी. मृत्यूचे निकटचे कारण पाय नाही. माहिती लपवली तर मात्र आच सगळ्या पॉलिसीला लागते. विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो. मालकाला जे ठाऊक आहे ते कंपनीला ठाऊक नाही, म्हणून महत्त्वाचे ते सांगणे हे मालकाचे कर्तव्य. ते पाळले नाही, तर कंपनी म्हणू शकते की हा करारच आम्ही या अटींवर केला नसता. मग साप चावला असला तरी भांडत बसावे लागते.

थोडक्यात, खरे सांगितले तर फार तर एक पाय विम्याबाहेर जातो. खोटे सांगितले तर सगळी घोडी जाते.

न्यायालयेही याच दिशेने पाहतात. माणसांच्या आरोग्य विम्याच्या एका खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जोखमीवर परिणाम करणारी बाब ठाऊक असून फॉर्ममध्ये दडवली, तर क्लेम नाकारणे योग्य. उलट बाजूने, डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने निर्णय दिला की विमेदाराने आजार फॉर्ममध्ये सांगितला, कंपनीने तब्येत तपासून पॉलिसी दिली, तर नंतर त्याच आजाराकडे बोट दाखवून क्लेम नाकारता येणार नाही. तिथे प्रवासी विमा घेताना मधुमेह सांगितला होता, परदेशात हृदयविकार झाला, आणि निकाल विमेदाराच्या बाजूने लागला. खटले माणसांचे असले तरी सद्भावाचे तत्त्व सर्व विम्यांना एकच आहे. सांगितलेला आजार पुढे आपली ढाल होतो, तो असा.

प्रत्यक्ष काय करावे?

१. घोडा घेण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या पशुवैद्याकडून तपासून घ्यावा, विकणाऱ्याच्या नव्हे. जत्रेच्या बाजारात मागची कागदपत्रे नसतात, त्यामुळे ही तपासणी हाच घोड्याचा पहिला लेखी इतिहास. दोरीवर धावून दाखवायला सांगावे, खूर उचलून पाहावेत, दात पाहून वय लिहून घ्यावे.

२. फॉर्म स्वतः भरावा. एजंटने भरला तर सही करण्यापूर्वी प्रत्येक रकाना वाचावा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. भरलेल्या फॉर्मची प्रत आपल्याकडे ठेवावी.

३. ऐकीव माहितीही ऐकीव म्हणून लिहावी. ‘विक्रेत्याच्या सांगण्यानुसार मागील पावसाळ्यात पुढच्या उजव्या पायाने लंगडत होती, सध्या तक्रार नाही, तपासणीचा दाखला जोडला आहे.’ एवढे वाक्य पुरे.

४. घोड्याचा उपयोग खरा लिहावा. हौसेचा म्हणून विमा काढून लग्नात भाड्याने दिला, तर तेही क्लेम नाकारण्याचे कारण होते.

५. ओळख पक्की करावी. टॅग किंवा मायक्रोचिप, रंग, कपाळावरचा टिळा, पायांवरचे पांढरे, भोवरे, चारी बाजूंचे फोटो. टॅग पडला तर त्याच दिवशी कळवून नवा बसवावा. टॅग नाही तर क्लेम नाही, हा पशुविम्यातला जुना नियम आहे.

६. उपचारांची वही ठेवावी : तारीख, तक्रार, औषध, डॉक्टरांची सही. यातल्या नोंदी आपल्याविरुद्ध जातील अशी भीती वाटते. पण घोडा वर्षभर बिनतक्रार होता हे दाखवणारी वहीही तीच. नावाने टाकलेला अपवाद काढून घ्यायचा असेल, तर लक्षणाविना गेलेल्या काळाचा दाखला जोडून नूतनीकरणाच्या वेळी लेखी विनंती करता येते. काही अपवाद निघतात, काही निघत नाहीत. न मागितलेला मात्र कधीच निघत नाही.

७. घोडा आजारी पडताच कंपनीला कळवावे, दगावल्यावर नव्हे. दगावला तर शवविच्छेदन होईपर्यंत आणि कंपनीच्या माणसाला पाहण्याची संधी मिळेपर्यंत पुरू नये. मृत्यूचे नेमके कारण त्या अहवालावर ठरते, आणि जुन्या आजाराचा वादही तिथेच मिटतो किंवा सुरू होतो.

८. बँकेचे कर्ज असेल तर भरपाई आधी कर्जखात्यात जाते. तेव्हा बँकेने काढलेल्या पॉलिसीची प्रत मागून घ्यावी. तो आपला हक्क आहे.

९. क्लेम नाकारला तर कारण आणि कलम लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. आपल्या इंदूरसाठी हे कार्यालय भोपाळला आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. तिथे मुदत दोन वर्षांची.

ज्यांचा घोडा पोटापाण्यासाठी आहे, त्यांनी आणखी एक चौकशी करावी. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या विमा योजनेत घोडे, खेचरे, गाढवेही येतात, आणि फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानुसार पात्र मालकाचा प्रीमियममधला वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे. बाकीचा केंद्र व राज्य उचलतात. माहिती जवळच्या सरकारी पशुचिकित्सालयात मिळेल. प्रीमियम कमी झाला तरी पूर्वीच्या आजाराचा नियम तोच राहतो.

आमच्या त्या सभासदांनी लंगडण्याचे लिहिले. कंपनीने पशुवैद्याचा नवा दाखला मागवला आणि उजवा पाय वगळून पॉलिसी दिली. ते थोडे हिरमुसले. “काका, खरे सांगून एक पाय गेला,” म्हणाले. आम्ही म्हटले, बाकी घोडी तर पक्की झाली. वर्षभर वही नीट ठेवा, पुढच्या नूतनीकरणाला आपण दोघे मिळून अर्ज लिहू.

कोणा सभासदाला फॉर्म भरताना अडचण आली, तर संध्याकाळी आम्ही वाचनालयात असतोच. फॉर्म घेऊन या. फक्त लिहायचे तुम्ही. आम्ही शेजारी बसून विचारू.